सब्र म्हणजे गप्प बसणं नव्हे : बादशाह खान यांची आठवण

२० जानेवारी हा खान अब्दुल गफ्फार खान यांचा स्मृतिदिन. आपल्यापैकी बहुतेकांना ते ‘सरहद्द गांधी’ म्हणून माहीत आहेत. शाळेच्या पुस्तकात एक ओळ, एखादा फोटो, बस्स. हे नाव लोकांनी प्रेमाने दिलं, पण त्यातून एक गैरसमजही पसरला. अहिंसा त्यांनी गांधीजींकडून उसनी घेतली, असं आपल्याला वाटू लागलं. त्यांचं आयुष्य नीट पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते.

१८९० साली पेशावरजवळच्या उतमानझई गावात जमीनदार बेहराम खान यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्या मुलखात खुनाचा बदला खून, हा रिवाज पिढ्यानपिढ्या चालत आलेला. पेशावरच्या मिशन शाळेत शिकत असताना इंग्रजांच्या नामांकित गाइड्स पलटणीत अधिकारी व्हायची संधी चालून आली. पण तिथल्या एका पठाण मित्राचा गोऱ्या अधिकाऱ्याने केलेला अपमान त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि ती नोकरी नाकारली. थोरले भाऊ विलायतेत डॉक्टरी शिकत होते. यांनाही जायचं होतं, पण आईने परवानगी दिली नाही. आईचं मन मोडून ते गेले नाहीत.

मग गावातच काम सुरू झालं. १९१० साली त्यांनी उतमानझईत शाळा काढली. शिक्षणाने दीन बिघडतो असं सांगणारे तेव्हाही होते, आणि पठाण शिकू नयेत हे इंग्रजांच्याही सोयीचं होतं. दोघांचा विरोध सोसत ते गावोगाव पायी हिंडले. १९२१ मध्ये या कामापायी तीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात बेड्या होत्या, धान्य दळायचं काम होतं. तिथेच शीख आणि हिंदू कैद्यांसोबत बसून त्यांनी गुरू ग्रंथसाहेब आणि गीता समजून घेतली, आणि स्वतःचा नमाज-रोजा कधी सोडला नाही. पुढे हजच्या प्रवासात जेरुसलेममध्ये पत्नीचं अपघाती निधन झालं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

१९२९ साली त्यांनी ‘खुदाई खिदमतगार’ ही संघटना उभी केली. अल्लाहला कुणाच्या सेवेची गरज नाही, म्हणून त्याच्या मखलूकची सेवा हीच त्याची खिदमत, हा तिचा पाया. भरती होणारा शपथ घ्यायचा : हिंसा करणार नाही, बदला घेणार नाही, जुलूम करणाऱ्याला माफ करीन, रोज किमान दोन तास समाजाचं काम करीन. पांढरे कपडे लवकर मळत, म्हणून ते विटकरी रंगात रंगवले. त्यावरून लोक त्यांना ‘लाल डगलेवाले’ म्हणू लागले. ही ताकद कुठून आली, हे बादशाह खान स्वतःच सांगत. मक्केत पैगंबर मुहंमद (स.) यांनी छळ सोसताना जे हत्यार वापरलं ते सब्र, आणि तेच आपलं हत्यार, असं ते पठाणांना समजावत.

त्या शपथेची परीक्षा लवकरच झाली. २३ एप्रिल १९३० रोजी त्यांना अटक झाली आणि पेशावरच्या किस्सा ख्वानी बाजारात निःशस्त्र जमावावर इंग्रजांनी गोळीबार केला. माणसं पडत होती, तरी मागचे पुढे येत होते. घराघरांत बंदुका असलेल्या लोकांनी त्या दिवशी हात उचलला नाही. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या गढवाली शिपायांनी गोळी झाडायला नकार दिला आणि त्यासाठी लष्करी शिक्षा भोगली.

आपल्या महाराष्ट्राशीही त्यांचं नातं आहे. १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर सरकारने त्यांना स्वतःच्या सरहद्द प्रांतात आणि पंजाबात जायला बंदी केली. तेव्हा ते वर्ध्यात गांधीजींजवळ राहिले. त्याच वर्षी मुंबईत केलेल्या एका भाषणावरून वर्ध्यातच त्यांना पुन्हा अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

फाळणीला त्यांचा विरोध होता. काँग्रेसने ती मान्य केली तेव्हा आपल्याला वाऱ्यावर सोडलं, हे दुःख त्यांना शेवटपर्यंत राहिलं. तरीही १९४८ मध्ये त्यांनी पाकिस्तानशी निष्ठेची शपथ घेतली. काही महिन्यांतच त्यांना तुरुंगात टाकलं गेलं आणि ऑगस्टमध्ये चारसद्द्याजवळ बाबडा इथे त्यांच्या कार्यकर्त्यांवर गोळीबार झाला. गोळी चालवणारं सरकार आता आपल्याच लोकांचं होतं. पुढची कितीतरी वर्षं तुरुंगात, नजरकैदेत आणि काबूलच्या वनवासात गेली.

१९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीसाठी ते भारतात आले. नुकतीच अहमदाबादेत दंगल झाली होती. सत्कार घेण्याआधी त्यांनी तीन दिवस उपवास केला, आणि भारत गांधींना विसरला हे संसदेत तोंडावर सांगितलं. पाकिस्तानात खरं बोलले म्हणून कैद झाली, इथेही त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. १९८७ साली त्यांना भारतरत्न मिळालं. भारताचा नागरिक नसलेल्या व्यक्तीला हा सन्मान पहिल्यांदाच दिला गेला.

१९८८ साली पेशावरमध्ये ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे अफगाणिस्तानात जलालाबादला दफन झालं. हजारो माणसं खैबर खिंडीतून जनाज्यासोबत गेली. तिथे युद्ध चालू होतं, ते या दफनासाठी थांबवलं गेलं. तरीही तिथे बॉम्बस्फोट झाले आणि निरपराध माणसं गेली.

आज कुठे काही घडलं की आपल्या पोरांचं रक्त तापतं, आणि आपण मोठी माणसं त्यांना सब्र करा एवढंच सांगून मोकळे होतो. पुढे काय करायचं ते सांगत नाही. बादशाह खानांच्या सब्रमध्ये शाळा होती, रोजचे दोन तास होते, जुलमासमोर उभं राहणं होतं. या २० जानेवारीला मुलांना त्यांचं नुसतं नाव न सांगता ही सगळी गोष्ट सांगू या. आणि त्या दोन तासांपैकी निदान अर्धा तास तरी आपल्या मोहल्ल्यासाठी काढू या.