ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

भोर व वेल्हे या डोंगराळ मुलखांतून दरवर्षी काही विद्यार्थी शालेय शिक्षण आटोपून पुण्यास जातात. त्यांतील एखादा पुढे गणेशखिंडीतील विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात पाऊल टाकतो, तेव्हा तो काही काळ गोंधळून गेल्यावाचून राहत नाही. तोपर्यंत विद्या म्हणजे सातआठ विषय आणि त्यांची तितकीच पुस्तके, अशी त्याची समजूत असते. येथे पाहावे तो एका कपाटात नाणकशास्त्र, दुसऱ्यात भूगर्भशास्त्र, पलीकडे पाली वाङ्मय, अलीकडे कीटकांचे शास्त्र! आपण एका जन्मात यांतील किती वाचणार, आणि गावी राहिलेली आपली भावंडे, ज्यांस मराठीवाचून दुसरी भाषा येत नाही, त्यांच्या वाट्यास यांतील काय येणार, हा प्रश्न कोणाही विचारी मुलास पडावा. या प्रश्नाच्या उत्तरासाठी ज्या पुरुषाने आपल्या उमेदीची बारा वर्षे वेचली, त्याची हकीकत आमच्या विद्यार्थिवाचकांपुढे ठेवावी असे आम्ही योजिले आहे.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. रायपूर त्या वेळी मध्यप्रांतात होते. आज ते छत्तीसगडची राजधानी आहे. शालेय शिक्षण अमरावतीस व पुढील शिक्षण मुंबईस विल्सन कॉलेजात, असा क्रम होऊन १९०६ साली ते अमेरिकेस गेले. परदेशी जाणारे हिंदी तरुण त्या काळी बहुधा इंग्लंडची वाट धरीत आणि बॅरिस्टर किंवा सनदी नोकर होऊन परत येत. केतकरांनी ती मळलेली वाट सोडली व न्यूयॉर्क संस्थानातील इथाका या गावी असलेल्या कॉर्नेल विश्वविद्यालयात नाव घातले.

या विश्वविद्यालयाविषयी दोन शब्द अधिक लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. एझ्रा कॉर्नेल या गृहस्थाने १८६५ मध्ये ते स्थापिले, ते कोणाही मनुष्यास कोणताही विषय तेथे शिकता यावा अशा हेतूने. तेथील ग्रंथसंग्रह या हेतूस शोभेल असाच होता. पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी आपली सुमारे तीस हजार पुस्तके १८९१ च्या सुमारास संस्थेस दिली. त्यांत फ्रेंच राज्यक्रांती होती, युरोपातील धर्मसुधारणा होती, आणि चेटकिणी म्हणून ज्या अभागी बायकांस जाळण्यात आले त्यांच्या खटल्यांचे कागदही होते. गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीची हजारो चोपडी सॅम्युएल मे यांच्याकडून त्यापूर्वीच आलेली होती. पहिले ग्रंथपाल विलर्ड फिस्क हे तर आइसलंडच्या वाङ्मयाचे वेडे. त्यांनी जन्मभर जमविलेली आइसलंडिक पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर १९०५ मध्ये, म्हणजे केतकर तेथे पोहोचण्याच्या आदल्याच वर्षी, इथाकास येऊन दाखल झाली. आइसलंडची लोकसंख्या त्या वेळी एक लाखही नव्हती. मराठी बोलणारे मात्र दोन कोटींच्या घरात होते. एवढ्याशा बेटाच्या भाषेतील अक्षर न् अक्षर कोणी इतक्या मायेने सांभाळतो, आणि दोन कोटींच्या भाषेत रसायनावर वा राज्यशास्त्रावर चार प्रौढ ग्रंथ सापडू नयेत! ही तुलना केतकरांच्या मनात आली होती किंवा नाही हा शोध आम्ही करीत नाही. आमच्या मनात मात्र ती आल्यावाचून राहत नाही.

इथाका येथे केतकरांनी जातिसंस्थेचा अभ्यास हाती घेतला. मनुस्मृतीचा पुरावा पुढे ठेवून इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील हिंदी समाज कसा असावा, हे त्यांनी तपासले. त्यांच्या जातिसंस्थेच्या इतिहासाचा पहिला भाग १९०९ मध्ये निघाला, दुसरा १९११ मध्ये लंडनहून, आणि त्याच वर्षी कॉर्नेलने त्यांस डॉक्टर ही पदवी दिली. जातीविषयी लिहिणारे पुष्कळ असतात. कोणी तिची निंदा करतो, कोणी तिचे गोडवे गातो. केतकरांनी ती एक समजून घेण्याची वस्तू मानली, हा त्यांचा विशेष होय. लंडनात काही काळ राहून १९१२ साली ते स्वदेशी परतले. कलकत्ता विश्वविद्यालयात त्यांनी अध्यापन केले, आणि १९१४ मध्ये हिंदी अर्थशास्त्र व हिंदु कायदा या विषयांवर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केले. एवढ्यावर ते थांबते, तर एका मान्यवर प्राध्यापकाचे सुखाचे आयुष्य त्यांस लाभते. पण इंग्रजीत ग्रंथ लिहून कीर्ती मिळविणे हे पुरेसे त्यांस वाटले नाही.

१९१६ च्या सुमारास नागपुरास त्यांनी ज्ञानकोश मंडळ काढले. ही मंडळी म्हणजे राजाश्रयावर चालणारी पंडितसभा नव्हे. भाग विकून भांडवल उभारणारी ती एक मर्यादित कंपनी होती. पुढे कचेरी पुण्यास आली. युरोपात महायुद्ध पेटलेले, कागद महागलेला, आणि विकावयाचा माल असा की जो अजून लिहिलाही गेला नाही! गिऱ्हाइके जमविणे, लेखक जमविणे, लेख तपासणे, छापखाना संभाळणे, भागीदारांस हिशेब देणे, हे सर्व एकाच माणसाच्या मानेवर येऊन पडले. या खटाटोपाची हकीकत केतकरांनी पुढे माझे बारा वर्षांचे काम या नावाने स्वतःच लिहून ठेवली. विद्येच्या कामासही जमाखर्चाची वही लागते हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने ते पुस्तक अवश्य वाचावे.

१९२० पासून खंड बाहेर पडू लागले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांची संख्या तेवीस झाली. यांतील पहिले पाच खंड आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटतात. कोश म्हटला की तो अकारापासून सुरू व्हावा, अशी वाचकाची अपेक्षा. केतकरांनी ती बाजूस ठेविली. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास, असे पाच प्रस्तावनाखंड त्यांनी आधी दिले आणि मग वर्णानुक्रमास हात घातला. पैसे भरून बसलेल्या गिऱ्हाइकास हे कितपत रुचले असेल कोण जाणे! परंतु यात मोठी दृष्टी आहे. वर्णानुक्रमाने शोधणे सोपे होते, पण विद्या तुकडे तुकडे होऊन पडते. ग्रंथालयात ज्याप्रमाणे एका विषयाची पुस्तके शेजारी शेजारी लावतात आणि त्यामुळे कोणती विद्या कोणत्या विद्येची बहीण हे नुसत्या नजरेने कळते, तसे काहीतरी वाचकास आधी दाखवावे असा हा खटाटोप आहे. शिवाय जगाचा इतिहास युरोपच्या खिडकीतून न पाहता आपल्या अंगणातून पाहावा, हाही त्यात आग्रह आहे.

या कोशात दोष नाहीत असे नाही. इंग्रजी कोशांवरून घेतलेली माहिती ठिकठिकाणी तशीच दिसते, काही नोंदी फार त्रोटक आहेत, आणि शास्त्रीय भाग तर आता जुनाच झाला. केतकरांची भाषाही ओबडधोबड. वाक्य एकदा सुरू झाले की ते कोठे संपेल याचा नेम नसे. लेखनशैली शिकण्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांस त्यांच्याकडे पाठविणार नाही. पण नवे शास्त्र मराठीत प्रथम बोलू पाहणाराची जीभ अडखळावी यात नवल ते काय?

या धामधुमीतच १९२० मध्ये त्यांचा विवाह झाला. लंडनमध्ये ओळख झालेल्या एडिथ कोहन या जर्मन यहुदी बाई हिंदुस्थानात आल्या आणि शीलवतीबाई केतकर झाल्या. बाई स्वतः विदुषी होत्या. विंटरनिट्झ यांचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास त्यांनीच इंग्रजीत आणला, व तो कलकत्ता विश्वविद्यालयाने प्रसिद्ध केला. पतीच्या कीर्तीखाली त्यांचे हे काम झाकले गेले, हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

कोश पुरा झाल्यावर केतकरांनी विश्रांती घ्यावी की नाही? त्यांनी गुजराती ज्ञानकोशास हात घातला. तो मात्र पूर्ण झाला नाही. ब्राह्मणकन्या आदी कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या, त्यांतूनही जाती, विवाह व समाजरचना यांचाच विचार केला. १९३१ मध्ये हैदराबाद येथील मराठी साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्न वर्षांचे होते.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या यशवंत रामकृष्ण दाते प्रभृतींनी पुढे महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड सिद्ध केले. भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई लागते. तेथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. केतकरांचे तेवीस खंड आता संगणकावर व खिशातल्या फोनवरही विनामूल्य वाचावयास मिळतात. तोरण्याच्या पायथ्याशी बसलेल्या मुलासही ते उघडता येतात.