श्रोत्यांच्या शोधात निघालेला गायक : पं. विष्णु दिगंबर पलुस्कर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एखाद्या शहरातील शाळामास्तराला किंवा कचेरीतील कारकुनाला उत्तम ख्यालगायन ऐकण्याची इच्छा झाली, तर त्याने जावे कोठे? राजदरबारात त्याला प्रवेश नव्हता. धनिकांच्या दिवाणखान्यातील बैठकीला आमंत्रण असल्याशिवाय जाता येत नसे. गायिकांच्या माडीवर उत्तम गाणे होते, पण तेथे पाऊल टाकणे म्हणजे गावभर चर्चेला विषय देणे. देवळात कीर्तन ऐकायला मिळे, नाटकात पदे ऐकायला मिळत. त्यावरच तहान भागवावी लागे. मुंबईत 1870 मध्ये पारशी मंडळींनी गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली होती, पुण्यात 1874 मध्ये गायन समाज निघाला होता. परंतु हे अपवाद होते आणि त्यांचे वर्तुळ लहान होते. आज आपण वर्तमानपत्रात जाहिरात पाहतो, तिकीट काढतो आणि खुर्चीत जाऊन बसतो. या साध्या गोष्टीसाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांमध्ये पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड संस्थानात झाला. मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून घराणे पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते, त्यामुळे ताल आणि सूर घरात होतेच. तरीही मुलाने शिकून काही नोकरी-उद्योग करावा, अशीच घराची अपेक्षा असणार. पण लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात फटाक्याची दारू चेहऱ्यावर उडाली आणि डोळे जायबंदी झाले. दृष्टी पूर्णपणे गेली नाही, मात्र पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली. उपचारासाठी मिरजेला नेले असता तेथील डॉक्टर भडभडे यांनी मुलाचा आवाज ओळखून त्याला गायन शिकवावे असे सुचवले. मिरजेच्या अधिपतींचा आश्रय मिळाला आणि विष्णु पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या हाती सोपवला गेला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे हे गुरू. त्यांची तालीम कडक होती. एकेक पलटा, एकेक तान शेकडो वेळा घोटल्याशिवाय पुढचे पान उलटत नसे.

मिरजेतील एक प्रसंग त्यांच्या सर्व चरित्रकारांना महत्त्वाचा वाटला आहे, आणि तो तसा आहेही. गावातील एका समारंभाचे आमंत्रण विष्णु दिगंबरांना आले. दरबारच्या मर्जीतील तरुण म्हणून त्यांना प्रतिष्ठितांत गणले गेले होते. गुरूंना मात्र आमंत्रण नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की ते केवळ गवई, म्हणून त्यांना बोलावण्याचे कोणाच्या मनातही आले नव्हते. ज्यांच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो त्यांना समाजात बसायला आसन नाही, हे शल्य त्या तरुणाच्या मनात खोल रुतले. गवयाची विद्या राजाश्रयावर जगते तोवर त्याची किंमत आश्रयदात्याच्या लहरीवर ठरणार, हे त्यांनी ओळखले. 1896 मध्ये दोन सहकाऱ्यांसह त्यांनी मिरज सोडली. सुखाची नोकरी हाताशी असताना तिला पाठ दाखवण्याचे हे धैर्य चोवीस वर्षांच्या वयाला शोभणारेच होते.

पुढची चार-पाच वर्षे भ्रमंतीची. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली असा हा प्रवास आहे. संस्थानिकांसमोर ते गायले, बिदागी मिळाली, नोकरीची आमंत्रणेही आली; ती त्यांनी नाकारली. राजकोट येथे मात्र त्यांनी एक वेगळाच प्रयोग केला. तिकीट लावून सर्वांसाठी खुली मैफल केली. शास्त्रीय गायनाच्या अशा पहिल्या काही मैफलींमध्ये तिची गणना होते. आज यात नवल वाटणार नाही. पण विचार करावा, तर या एका कृतीने गायक आणि ऐकणारा यांचे नातेच बदलले. आता ऐकणारा हा यजमान नव्हता. त्याला मध्येच फर्माईश करून गाणे थांबवता येत नव्हते, गप्पा मारता येत नव्हत्या. त्याने थोडे पैसे मोजले होते आणि त्याबदली त्याला रांगेतील एक जागा मिळाली होती. शेजारी वकील बसो की वाणी, दोघांच्या कानी पडणारा षड्ज एकच. गायकही कोणाचा आश्रित उरला नाही. मथुरेस राहून त्यांनी ब्रजभाषा आत्मसात केली, ती यासाठीच की आपण जे गातो त्याचा अर्थ उत्तरेतील श्रोत्याला समजावून सांगता यावा.

5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. मराठी माणसाने पंजाबात, परभाषेत, कोणत्याही संस्थानिकाच्या छत्राशिवाय, केवळ लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर गाण्याची शाळा काढावी, हे त्या काळी धाडसच होते. लाहोरची निवड नवलाची वाटते, पण ती अविचाराची नव्हती. जेथे गाण्याविषयी आस्था आधीच आहे तेथे आपले काम ते काय, असा त्यांचा कल होता. ज्या शहरात घरंदाज कुटुंबे गाण्याकडे संशयाने पाहत, तेथेच त्यांना उभे राहायचे होते. सुरुवातीचे दिवस विद्यार्थ्यांविना गेले. शाळेची वेळ झाली की ते तंबोरे जुळवून एकटेच बसत आणि गात. त्याच सुमारास वडील निवर्तल्याची वार्ता आली, तेव्हा शाळा बंद पडू नये म्हणून ते गावी गेले नाहीत, असे सांगितले जाते. या निर्णयाचे कौतुक करावे की त्याने मन अस्वस्थ व्हावे, हे ज्याने त्याने ठरवावे. हळूहळू विद्यार्थी आले, त्यांच्यामागून त्यांचे पालक आले, आणि मुलगा काय शिकतो ते पाहण्यासाठी आलेला पालक पुढच्या जलशाला श्रोता म्हणून येऊन बसू लागला.

शाळेचे जलसे हे त्यांच्या कार्याचे खरे हृदय होते. त्यांत शिस्त होती. ठरल्या वेळी कार्यक्रम सुरू होई. कधी विद्यार्थ्यांचे समूहगायन, कधी वाद्यवादन, मग पंडितजींचे स्वतःचे गाणे आणि शेवटी भजन, असा क्रम असे. नवख्या श्रोत्याला तासन्‌तास एकाच रागात बसवून ठेवणे म्हणजे त्याला पळवून लावणे, हे त्यांच्यातील शिक्षकाने जाणले होते. शृंगारिक चिजांचे शब्द बदलून त्यांनी तेथे भक्तिपर शब्द योजले, जेणेकरून लेकीसुनांसह गाणे ऐकण्यास कोणाला संकोच वाटू नये. या बदलाने काही सुंदर बंदिशींचे मूळ शब्द मागे पडले, हा आक्षेप खरा आहे. ज्या गायिकांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली होती त्यांना या नव्या सभ्य सभागृहात जागा उरली नाही, हेही नाकारता येत नाही. परंतु स्त्रियांनी श्रोत्यांच्या रांगांत, आणि पुढे व्यासपीठावरही, निःसंकोच येऊन बसण्याची वाट याच बदलाने मोकळी झाली. सगळेच तानसेन होणार नाहीत, पण कानसेन पुष्कळ घडवता येतील, ही त्यांची भूमिका सर्वश्रुत आहे. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली, क्रमिक पुस्तके काढली, मासिक चालवले. ती स्वरलिपी किचकट होती आणि पुढे पंडित भातखंडे यांची सुटसुटीत पद्धत अधिक रुळली. तो स्वतंत्र इतिहास आहे.

1908 मध्ये ते मुंबईस आले. येथे महाविद्यालयाचा विस्तार झपाट्याने झाला. मुलींचे वर्ग निघाले, छापखाना निघाला, वाद्यांचा कारखानाही निघाला. उपदेशक वर्गातील मुले पंडितजींच्याच घरी राहत. वर्षानुवर्षे शिकण्याचा करार करून आलेल्या या मुलांच्या जेवणखाणाचा, कपड्यांचा भार गुरूंवर असे. त्यातूनच विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही पुढची पिढी उभी राहिली. नारायणराव खरे यांना त्यांनी महात्मा गांधींच्या आश्रमात पाठवले. सँडहर्स्ट रोडवर शाळेची स्वतःची इमारत झाली. ती कर्जावर उभी होती. खर्च वाढत गेला, मैफली आणि दौरे यांतून मिळणारा पैसा व्याजालाही पुरेनासा झाला. पंडितजी गावोगाव गात फिरत राहिले. सभागृहे भरत होती, टाळ्या पडत होत्या, आणि कर्ज तसेच होते. अखेर 1924 च्या सुमारास इमारतीचा लिलाव झाला.

येथे क्षणभर थांबावे लागते. राजाश्रय नाकारून त्यांनी लोकांवर भिस्त ठेवली होती. लोकांनी त्यांना ऐकले, त्यांच्यावर अलोट प्रेमही केले. पण त्यांची वास्तू सावकाराच्या हातून सोडवायला कोणी पुढे आले नाही. तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्याची जबाबदारी कार्यक्रमासोबत संपते, हे त्या स्वातंत्र्याचे दुसरे अंग होते आणि त्याची झळ सर्वांत आधी त्यांनाच लागली. आपल्या शहरात एखादे संगीत मंडळ वर्गणीअभावी बंद पडते, तेव्हा तोच प्रश्न नव्याने समोर येतो.

घरातही दुःख कमी नव्हते. बारा अपत्यांपैकी एकच जगले. उत्तरायुष्यात त्यांचे मन रामनामाकडे वळले. नाशिकला त्यांनी आश्रम स्थापला, तुलसी रामायणावर प्रवचने केली. गाण्याच्या जाणकारांना ही निवृत्ती रुचली नाही, कारण पूर्वीसारखी ख्यालाची बैठक आता क्वचितच होई. पण त्या प्रवचनांना आलेली साधी माणसे दोन तास एक राग कानांत घेऊन घरी जात, याकडे टीकाकारांचे दुर्लक्ष झाले. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेत त्यांचे देहावसान झाले, ज्या गावातून ते निघाले होते तेथेच.

त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेत गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. 1932 मध्ये विनायकरावांनी पुण्यात विद्यालय काढले. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये ते नाव दिल्लीला नेले. दिल्लीत ऑगस्ट महिन्यात होणारा विष्णु दिगंबर जयंती समारोह तेथील रसिकांच्या वर्षाचा एक ठरलेला टप्पा आहे. पावसाने कोंदटलेल्या संध्याकाळी तेथे जमणाऱ्या श्रोत्यांत मराठी कुटुंबे असतात आणि पंजाबी, बंगाली, तमिळही असतात.

आणि जगलेले ते एकुलते अपत्य? दत्तात्रय त्या वेळी दहा वर्षांचा होता. वडिलांच्या शिष्यांनी त्याला शिकवले. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरिवल्लभ संगीत संमेलनात प्रथम गायला. पंजाबातील ज्या श्रोत्यांना वडिलांनी एकेक करून गाण्याकडे वळवले होते, ते आणि त्यांची मुले डिसेंबरच्या थंडीत देवी तलावाच्या काठी जमली होती. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा हा नातू गाऊ लागला तेव्हा ऐकायला माणसे होती.