पाण्याचे मोल मोजणारे धनंजयराव

पैठणच्या नाथसागरात वरच्या धरणांतून किती पाणी सोडावे, यावरून अवर्षणाच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरात वाद पेटतो. टीएमसीचे आकडे तावातावाने मांडले जातात. त्या पाण्याने शेतात किती मोलाची भर पडते, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. याच गोदाखोऱ्यात तो हिशेब पद्धतशीरपणे मांडला तो धनंजयराव गाडगीळ यांनी.

१९०१ साली नाशिकला जन्मलेले गाडगीळ केंब्रिजला शिकले आणि १९३० मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. इंग्रजी अमदानीत कालव्याची कसोटी सरकारी तिजोरीवर लागत असे. पाणीपट्टीतून भांडवलाचे व्याज सुटते की नाही, एवढेच पाहायचे. या कसोटीला दख्खनचे कालवे उतरत नसत. गाडगीळांनी पैठणच्या वरील अंगास असलेल्या गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ मध्ये निघाला. बागाईत शेतीची जिराईत शेतीशी तुलना करून पाण्याचा प्रत्यक्ष लाभ काढायचा आणि मजुरी, व्यापार, कारखानदारी यांना मिळणारा अप्रत्यक्ष लाभही जमेस धरायचा, ही त्यामागील दृष्टी. तिजोरीला तोट्यात दिसणारे पाणी समाजाला फायद्याचे असू शकते, हे त्यामुळे आकड्यांत मांडता आले. १९६४ मध्ये त्यांच्याच समितीने पाटबंधारे प्रकल्पांसाठी लाभ-व्ययाचा निकष सुचविला. पुढच्याच वर्षी जायकवाडीची पायाभरणी झाली.

परंतु लाभाची बेरीज म्हणजे वाटप नव्हे. वर्षभर पाणी पिणारा ऊस एकरी उत्पन्नात ज्वारीला सहज मागे टाकतो. तोच हिशेब दर घनमीटर पाण्यामागे मांडला, तर उसाचा तोरा पुष्कळ उतरतो. जमिनीपेक्षा पाणीच तुटपुंजे असलेल्या मराठवाड्यात हा दुसरा हिशेबच महत्त्वाचा. उसाची बाजू गाडगीळांना परकी नव्हती. विठ्ठलराव विखे पाटलांच्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते.

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत वाटण्याच्या त्यांच्या सूत्रात चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांना १० टक्के वाटा होता. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. जायकवाडीचे लोकार्पण १९७६ चे. एकाच खोऱ्यातील वरच्या आणि खालच्या गावांत पाणी समन्यायाने वाटण्याची कायदेशीर तरतूद व्हायला मात्र २००५ साल उजाडावे लागले.