सहाशे रूबलांचे ऋण

मादाम क्यूरीचे नाव उच्चारले की आपल्यापुढे रेडियम येते, दोन नोबेल पारितोषिके येतात आणि काळ्या पोशाखातील एक कृश, गंभीर स्त्री येते. शालेय पाठ्यपुस्तकांनी आपल्या मनावर ठसविलेले हे चित्र खरे आहे. परंतु ते फार पुढचे आहे. त्याच्या मागे एक विद्यार्थिनी उभी आहे. तिला भौतिकशास्त्रात संशोधन करून डॉक्टरेट मिळवायची होती, आणि त्यासाठी लागणारा पैसा तिच्याजवळ नव्हता. हा प्रश्न तिने कसा सोडविला, कोणाकडून काय घेतले आणि घेतलेले कसे फेडले, याची हकिगत आपणा विद्यार्थ्यांना रेडियमच्या शोधाइतकीच मोलाची वाटावी अशी आहे.

मारिया स्क्लोडोव्स्काचा जन्म 7 नोव्हेंबर 1867 रोजी वॉर्सा येथे झाला. पोलंडचा तो भाग त्या वेळी रशियाच्या झारच्या टाचेखाली होता. वडील गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. आई मुलींची शाळा चालवीत असे. मारिया दहा वर्षांची असताना आई क्षयाने गेली. 1883 मध्ये मारियाने सुवर्णपदकासह शालेय शिक्षण पुरे केले, आणि तिथेच वाट खुंटली. कारण वॉर्साच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता.

मग दोघी बहिणींनी आपापसांत एक करार केला. थोरली ब्रोन्या हिने पॅरिसला जाऊन वैद्यकी शिकावी, मारियाने नोकरी करून तिला पैसे पाठवावेत, आणि ब्रोन्याचे शिक्षण झाले की तिने धाकटीला बोलावून घ्यावे. हा करार कागदावर नव्हता, त्याला साक्षीदार नव्हते. मारिया खेड्यातील एका जमीनदाराच्या घरी मुलांना शिकविणारी बाई म्हणून राहिली. दिवसभर शिकवावे, फावल्या वेळात गावातील शेतमजुरांच्या पोरांना चोरून पोलिश अक्षरे गिरवायला लावावीत, आणि रात्री स्वतः गणित व भौतिकी वाचावी, अशी वर्षे गेली. मारियाच्या डॉक्टरेटचा पहिला आधार एका बहिणीचा शब्द होता. तो पाळला गेला. 1891 मध्ये मारिया रेल्वेच्या चौथ्या वर्गात बसून पॅरिसला पोहोचली आणि सोर्बोनच्या नोंदवहीत तिचे नाव ‘मेरी’ असे लागले.

लॅटिन क्वार्टरमधील माळ्यावरची खोली, हिवाळ्यात गोठणारे पाणी, पाव, लोणी आणि चहा यांवर काढलेले दिवस, ही वर्णने आपण ऐकलेली आहेत. महिन्याचा सारा खर्च चाळीस रूबलांत बसवावा लागे. तशा स्थितीत 1893 मध्ये ती भौतिकशास्त्राच्या पदवी परीक्षेत पहिली आली. त्या उन्हाळ्यात ती घरी परतली तेव्हा हातातील पैसा संपला होता. गणिताची पदवी राहिली होती, संशोधन तर दूरच होते. अशा वेळी एका मैत्रिणीने खटपट करून तिच्यासाठी अलेक्झांड्रोविच शिष्यवृत्ती मिळविली. परदेशी शिकू इच्छिणाऱ्या गुणी पोलिश विद्यार्थ्यांसाठी ती होती. रक्कम सहाशे रूबल. म्हणजे मेरीच्या हिशेबाने पंधरा महिन्यांचे आयुष्य! ती पॅरिसला परतली आणि 1894 मध्ये गणितात दुसरी आली.

त्याच वर्षी फ्रान्समधील राष्ट्रीय उद्योगांना उत्तेजन देणाऱ्या संस्थेने तिला निरनिराळ्या पोलादांच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करण्याचे काम मोबदला देऊन सोपविले. त्या पैशातून पै पै वाचवून मेरीने शिष्यवृत्तीचे सहाशे रूबल परत केले. परत करावेत अशी अट कोठेही नव्हती. संस्थेच्या चिटणिसाला नवल वाटले, कारण तसे कोणी केलेच नव्हते. मेरीचा विचार मात्र सरळ होता. हा पैसा आपल्याजवळ राहील तितके दिवस दुसरी एखादी गरजू मुलगी किंवा मुलगा वॉर्सात अडकून पडेल. शिष्यवृत्ती हे तिच्या लेखी बक्षीस नव्हतेच. ती रांगेतील पुढच्यासाठी आपल्याजवळ ठेवलेली ठेव होती.

त्या पोलादाच्या कामाने आणखी एक गोष्ट घडविली. उपकरणे ठेवायला तिला जागा अपुरी पडू लागली, आणि जागेच्या शोधात असतानाच एका पोलिश प्राध्यापकाच्या घरी तिची पियर क्यूरीशी ओळख झाली. 26 जुलै 1895 रोजी दोघांचा विवाह झाला. 1897 च्या सप्टेंबरात इरेनचा जन्म झाला आणि त्या वर्षाच्या अखेरीस, तान्हे मूल घरात असताना, मेरीने डॉक्टरेटसाठी विषय निवडला. आँरी बेकरेल याला 1896 मध्ये युरेनियमच्या क्षारांतून निघणारे गूढ किरण आढळले होते. त्या विषयावर फारसे लिखाण झालेले नव्हते. म्हणजे वाचण्यासारखे थोडे आणि करण्यासारखे पुष्कळ.

पियर ज्या औद्योगिक शाळेत शिकवीत असे, तेथील एक दमट कोठीची खोली तिला वापरावयास मिळाली. पियर आणि त्याचा भाऊ जॅक यांनी तयार केलेल्या सूक्ष्म विद्युत्मापक उपकरणाने तिने एकामागून एक पदार्थ तपासले. थोरियमही तसेच किरण सोडते असे दिसले. पिचब्लेंड हे खनिज तर त्यातील युरेनियमच्या मानाने कितीतरी अधिक प्रभावी निघाले. त्याचा अर्थ एकच होता: त्यात एखादे अज्ञात मूलद्रव्य दडलेले असले पाहिजे. पियर आपले काम बाजूला ठेवून तिला येऊन मिळाला. 1898 च्या जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम यांची घोषणा झाली. पहिल्या मूलद्रव्याला मेरीने आपल्या पारतंत्र्यातील मातृभूमीचे नाव दिले.

घोषणा झाली, पण पदार्थ कोठे होता? रसायनशास्त्रज्ञांना तो डोळ्यांनी पाहावयाचा होता. येथे पुन्हा मदतीची गरज लागली. विज्ञान अकादमीने 1898 मध्ये मेरीला गेन्ये पारितोषिक म्हणून 3800 फ्रँक दिले. ऑस्ट्रियाच्या सरकारने योआखिमस्थाल येथील खाणीतील टाकाऊ पिचब्लेंडचा टनभर चोथा देऊ केला. शाळेने आवारातील एक गळके छपराचे शेड वापरू दिले. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी शवविच्छेदनासाठी वापरून सोडून दिलेली ती जागा होती. तेथे मेरी एका वेळी वीस वीस किलो माल उकळी आणि स्वतःएवढ्या उंचीच्या लोखंडी कांबीने तो ढवळीत राही. आरंभी वाटले होते की खनिजात शंभरात एक भाग रेडियम सापडेल. प्रत्यक्षात ते दशलक्षात एक भागाहूनही कमी निघाले. 1902 मध्ये एक दशांश ग्रॅम शुद्ध रेडियम क्लोराइड हाती आले आणि त्या मूलद्रव्याचा अणुभार तिने 225 असा काढला.

25 जून 1903 रोजी सोर्बोनमध्ये तीन परीक्षकांसमोर मेरीने आपला प्रबंध मांडला. लिपमान, म्वासाँ आणि बूती हे ते परीक्षक. त्यांतील पहिल्या दोघांना पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या विद्यार्थिनीला ते त्याच वर्षी, बेकरेल व पियर यांच्यासमवेत, मिळाले. शिष्या परीक्षकांच्या आधी पोहोचली!

आता फेडीचा हिशेब पाहू. रेडियम वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट क्यूरी दांपत्याने घेतले नाही. ज्ञान सर्वांचे, म्हणून कृती सर्वांना खुली ठेवली. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. पहिल्या महायुद्धानंतर एक ग्रॅम रेडियमला एक लाख डॉलर पडू लागले आणि ज्या बाईने ते शोधले तिच्या प्रयोगशाळेत जेमतेम एक ग्रॅम होते. 1921 मध्ये अमेरिकेतील स्त्रियांनी वर्गणी गोळा करून तिला एक ग्रॅम भेट दिले. समारंभाच्या आदल्या रात्री मेरीने दानपत्र बदलून घेतले: रेडियम आपल्या खाजगी मालकीचे नको, प्रयोगशाळेचे हवे. 1929 मध्ये मिळालेली दुसरी देणगी तिने वॉर्साच्या रेडियम संस्थेला दिली. ज्या शहराने तिला विद्यापीठाचे दार उघडले नव्हते, ते शहर तिने असे आपलेसे केले.

19 एप्रिल 1906 रोजी पियर रस्त्यावरील अपघातात गेला. सरकार विधवेला निवृत्तिवेतन देऊ करीत होते, ते तिने नाकारले आणि त्याच्या जागी सोर्बोनमध्ये शिकविणे पत्करले. 1907 मध्ये अमेरिकन धनिक अँड्र्यू कार्नेगी याने पन्नास हजार डॉलर दिले आणि त्यातून तिच्या प्रयोगशाळेतील तरुण संशोधकांसाठी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. माळ्यावर राहणारी ती मुलगी आता स्वतः शिष्यवृत्त्या देणारी झाली होती. 1922 पासून राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीवर काम करताना विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्त्या असाव्यात, असा आग्रह तिने धरला. ऐपत नाही म्हणून एक बुद्धिमान मूल मागे राहिले तर नुकसान त्या मुलाचे एकट्याचे नव्हे, समाजाचे होते, ही तिची धारणा ग्रंथांतून आलेली नव्हती. 1893 च्या त्या उन्हाळ्यातून आलेली होती.

4 जुलै 1934 रोजी मेरी क्यूरी रक्तक्षयाने गेली. आयुष्यभर हाताळलेल्या किरणांनी आपले देणे असे वसूल केले. तिच्या टिपणवह्या अजूनही किरणोत्सर्गी आहेत. 1995 मध्ये तिच्या अस्थी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये सन्मानाने नेण्यात आल्या.

आपल्यातील कित्येक जण शिष्यवृत्तीवर किंवा फीमाफीवर शिकतात. काही जण उद्या फेलोशिप घेऊन पीएच.डी. करतील. मदत घेण्यात कमीपणा नाही. मेरीने ती बहिणीकडून, मैत्रिणीकडून, अकादमीकडून आणि परक्या सरकारकडूनही घेतली. तिच्याजवळून शिकावयाचे ते एवढेच की, अर्जावर सही करताना आपल्यामागे रांग उभी आहे हे विसरू नये. प्रत्येकाला सहाशे रूबल परत करता येतीलच असे नाही. मन लावून केलेले काम, मागून येणाऱ्याला दिलेली वही, दाखविलेली वाट, हेही त्या ऋणाचे हप्तेच आहेत.