सॉक्रेटिसला मराठीत आणणारे शास्त्रीबोवा

आम्हा हैदराबादच्या मराठी मुलांची ग्रीकांशी ओळख होते ती बहुतेक इंग्रजीतूनच. म्हणून कृष्णशास्त्री चिपळूणकरांबद्दल वाचलं तेव्हा मला नवल वाटलं. जन्म १८२४, पुण्याचा. पाठशाळेत संस्कृत शास्त्रं शिकले, मग इंग्रजीही शिकून घेतली. १८५२ मध्ये, मुंबई विद्यापीठ निघायच्या पाच वर्षं आधी, त्यांनी सॉक्रेटिसचं चरित्र मराठीत आणलं. हा नगराचे देव मानत नाही, तरुणांना बिघडवतो, असा आरोप ठेवून अथेन्सने सॉक्रेटिसला विष प्यायला लावलं होतं. त्याची गोष्ट परंपरेत वाढलेल्या एका शास्त्र्याने मराठी वाचकांना सांगितली, हे मला धाडसाचं वाटतं.

पुढे ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ लिहून त्यांनी निरनिराळ्या विद्या सोप्या करून मांडल्या. अरबी सुरस गोष्टीही मराठीत आणायला घेतल्या. १८७८ मध्ये ते वारले. मुलगा विष्णुशास्त्री ‘निबंधमाले’मुळे इतका गाजला, की वडील जरा मागेच पडले.

तत्त्वज्ञानावर बोलायचं तर इंग्रजीतच, असं आपल्यातल्या कितीतरी जणांना वाटतं. शास्त्रीबोवांना तसं वाटलं असतं, तर सॉक्रेटिसला मराठीसाठी आणखी थांबावं लागलं असतं.