ऋत्विकदा : आठ चित्रपट आणि एक वर्ग

मेकॅनिकलच्या पोरांनी एकदा तरी पाहावाच असा एक बंगाली चित्रपट आहे. 'अजांत्रिक', साल १९५८. बिमल नावाचा टॅक्सी ड्रायव्हर आणि त्याची १९२० सालची खटारा शेव्हरोले. गाडीचं नाव जगद्दल. सगळा गाव हसतो, पण बिमल तिच्याशी बोलतो, रुसतो, तिला पाणी पाजतो. रेडिएटरमध्ये पाणी ओतताना ती खरंच घटाघटा पाणी पितेय असा आवाज येतो! शेवटी जगद्दल भंगारात वजनावर विकली जाते. सबटायटल्स वाचत पाहिला तरी हा चित्रपट घशाशी येतो. यंत्र आणि माणूस यांच्या नात्यावर चार वर्षं शिकूनही मला जे कुणी सांगितलं नव्हतं, ते या माणसाने दीड-दोन तासांत सांगितलं.

हा माणूस म्हणजे ऋत्विक घटक. आपल्याकडे सत्यजित राय सगळ्यांना माहीत असतात, घटकांचं नाव फिल्म क्लबवाल्यांपलीकडे फारसं जात नाही. आणि जिथे जातं तिथे ते भलत्याच कारणासाठी जातं. त्याबद्दल पुढे बोलूच.

ऋत्विक घटकांचा जन्म ४ नोव्हेंबर १९२५ चा, ढाक्याचा. जुळ्या भावंडांपैकी एक, दुसरी बहीण प्रतीती. वडील सुरेशचंद्र जिल्हा मॅजिस्ट्रेट, पण कविता-नाटकं लिहिणारे. थोरले भाऊ मनीष घटक नावाजलेले लेखक. आपल्याला 'हजार चौराशीर माँ'मुळे माहीत असलेल्या महाश्वेतादेवी या मनीषबाबूंच्या कन्या, म्हणजे ऋत्विकदांची पुतणी. थोडक्यात घरात पुस्तकांची कमी नव्हती. कमी पडली ती जमीन. १९४३ चा दुष्काळ, मग १९४७ ची फाळणी. ज्या पद्मा नदीच्या काठी बालपण गेलं ती नदी एका रात्रीत परदेशात गेली. हे दुःख त्यांनी आयुष्यभर सोडलं नाही, किंवा दुःखानेच त्यांना सोडलं नाही म्हणा.

सुरुवात सिनेमाने नाही, नाटकाने झाली. १९४८ मध्ये 'कालो सायर' हे पहिलं नाटक लिहिलं. 'इप्टा' या डाव्या विचारांच्या नाट्यचळवळीत ते शिरले आणि एमए अर्धवट सोडलं. लिहायचं, बसवायचं, स्वतः रंग फासून उभंही राहायचं. गॅलिलिओवरचं ब्रेख्तचं नाटक त्यांनी बंगालीत आणलं. फाळणीवरच्या त्यांच्या 'दलिल' या नाटकाने १९५३ मध्ये इप्टाच्या मुंबईतल्या अधिवेशनात पहिलं बक्षीस मिळवलं. पण कलेबाबत पक्षाशी त्यांचं पटेना. १९५५ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने त्यांना काढून टाकलं.

सिनेमाकडे ते का वळले? सरळ हिशोब होता. नाटक एका वेळी काहीशे लोकांपर्यंत जातं, सिनेमा लाखोंपर्यंत. पण लाखोंचं गणित बसायला तो थिएटरात लागावा लागतो ना! पहिला चित्रपट 'नागरिक' १९५२ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे 'पथेर पांचाली'च्या तीन वर्षं आधी. तो प्रदर्शित कधी झाला? १९७७ मध्ये, दिग्दर्शक गेल्यानंतर दीड वर्षाने. आपला एक प्रोजेक्ट रिपोर्ट गाईडच्या टेबलावर आठवडाभर पडला तर आपण मेसमध्ये किती आरडाओरडा करतो ते आठवा.

मध्ये काही काळ ते मुंबईत होते. फिल्मिस्तानमध्ये कथा-पटकथा लिहिण्याची नोकरी, दरमहा पगार. हृषिकेश मुखर्जींचा पहिला चित्रपट 'मुसाफिर' (१९५७) आणि बिमल रॉय यांचा 'मधुमती' (१९५८) यांच्या लेखनात घटकांचा हात आहे. 'मधुमती' तर तुफान चालला. पुनर्जन्माची ती गोष्ट मूळ त्यांची. आजच्या भाषेत सांगायचं तर पॅकेज चांगलं होतं, कंपनीही चांगली होती. तरी ते कलकत्त्याला परतले, कारण जे सांगायचं होतं ते तिथे सांगता येत नव्हतं. शहाणपणाचा निर्णय होता का? हिशोबाच्या वहीत तर नक्कीच नाही. पण परत गेले म्हणून पुढचे चित्रपट झाले.

१९६० चा 'मेघे ढाका तारा' हा त्यांचा बऱ्यापैकी चाललेला चित्रपट. निर्वासितांच्या कॉलनीत राहणारी नीता नोकरी करून सगळं घर ओढते. एकेक करून सगळे तिच्या जिवावर मार्गी लागतात आणि तिच्या वाट्याला क्षय येतो. तिला धक्का बसतो तेव्हा पार्श्वभूमीला चाबकाचा फटकारा ऐकू येतो. पडद्यावर चाबूक कुठेच नाही! आवाजाचा असा वापर आज ऐकला तरी दचकायला होतं. पुढच्या वर्षीचा 'कोमल गांधार' हा एका नाटक मंडळीतल्या फुटीवर. त्यात रेल्वेचा रूळ पद्मेच्या काठाशी येऊन अचानक संपतो, कारण पलीकडे दुसरा देश. कॅमेरा त्या रुळावरून सुसाट धावत जातो आणि पडदा काळा होतो. फाळणीवर लिहिलेली दहा पानं एका शॉटमध्ये! पण चित्रपट पडला. त्यानंतरचा 'सुवर्णरेखा' १९६२ मध्ये तयार होऊन १९६५ पर्यंत प्रदर्शनाची वाट बघत बसला.

आणि इथे पुणं येतं. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. साठच्या दशकाच्या मध्याला घटक तिथे शिकवायला आले, उपप्राचार्यही झाले. मुक्काम थोडाच काळ. पण त्या थोड्या काळात त्यांच्या हाताखाली कोण होतं बघा : मणी कौल, कुमार शहानी, जॉन अब्राहम. मणी कौल यांनी 'उसकी रोटी' केला, 'आषाढ का एक दिन' हे नाटक पडद्यावर आणलं, आणि १९७६ मध्ये तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'वरच्या मराठी चित्रपटाच्या दिग्दर्शकांतही ते होते. शहानींनी १९७२ मध्ये 'माया दर्पण' केला. केरळच्या जॉनने तर १९८६ चा 'अम्मा अरियान' गावोगाव लोकांकडून वर्गणी गोळा करून बनवला. निर्माता म्हणजे जनता! तिघांचे चित्रपट एकमेकांसारखे नाहीत आणि गुरूसारखेही नाहीत. मला वाटतं, शिकवणं यालाच म्हणतात. आपल्यासारख्या कॉप्या काढायला झेरॉक्स मशीन पुरतं.

आता ते भलतं कारण. ऋत्विकदा फार प्यायचे. हॉस्टेलमध्ये अशा माणसांच्या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगितल्या जातात, जणू बाटलीतूनच प्रतिभा येते. मित्रांनो, तारखा बघा. 'सुवर्णरेखा' १९६२ चा, त्यापुढचा पूर्ण झालेला चित्रपट १९७३ चा. मधली अकरा वर्षं एकही कथापट नाही. पैसे नव्हते हे खरं, पण दारूने त्यात भरच घातली. इकडे पत्नी सुरमादेवी शाळेत शिकवून मुलांना वाढवत होत्या. कौतुक करायचंच असेल तर त्यांचंही करू.

कौतुकाची खरी जागा दुसरीकडेच आहे. १९६९ मध्ये ते कलकत्त्याच्या मनोरुग्णालयात उपचार घेत होते. तिथे या माणसाने काय केलं? 'सेई मेये' नावाचं नाटक लिहिलं आणि तिथल्याच लोकांना घेऊन बसवलं! स्वतः पेशंट असताना बाकीच्या पेशंटना उभं कसं राहायचं, वाक्य कसं म्हणायचं ते शिकवलं. ही गोष्ट कळल्यापासून मला त्यांच्या पद्मश्रीपेक्षा (१९७०) तीच मोठी वाटते.

बांगलादेश झाल्यावर ते आपल्या नदीकडे परत गेले आणि तिथल्या कोळ्यांवर 'तितास एकटी नदीर नाम' (१९७३) केला. तब्येत तोवर ढासळली होती, क्षयाने गाठलं होतं. शेवटच्या 'जुक्ती तक्को आर गप्पो'मध्ये त्यांनी दारूत बुडालेल्या एका विचारवंताची भूमिका स्वतःच केली. स्वतःला काडीचीही सूट दिलेली नाही. ६ फेब्रुवारी १९७६ ला कलकत्त्यात ते गेले. वय फक्त पन्नास.

एकूण आठ कथापट. त्यातले दोन मरणानंतर लागलेले, बरेचसे पडलेले. कॅम्पसला येणारा एचआरवाला असा बायोडाटा पहिल्याच राऊंडला बाजूला ठेवेल. पण २०२५ मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली आणि ते चित्रपट अजून पाहिले जाताहेत, त्यांच्या विद्यार्थ्यांचेही पाहिले जाताहेत.

आपल्यातले किती जण पुढे मोठं पॅकेज घेतील माहीत नाही. घ्यावंच. पण आपल्याला येतं ते दुसऱ्याला शिकवायला रविवारचा एक तास तरी ठेवता येतो, मग तो ज्युनिअर असो की मेसमधला पोऱ्या. त्यासाठी यशस्वी व्हावं लागत नाही, हे ऋत्विकदांनी करून दाखवलंय. 'अजांत्रिक' माझ्या हार्ड डिस्कवर आहे. कुणाला हवा असेल त्याने पेनड्राइव्ह घेऊन यावं.