विश्लेषण : पत्त्यांच्या डावापासून सेन्सरच्या बॅटरीपर्यंत… कोण होते जॉन फॉन नॉयमन?

जंगलातला वणवा वेळेत कळावा किंवा पुलाची कंपने मोजता यावीत, यासाठी शेकडो छोटे वायरलेस सेन्सर बसवले जातात. त्यांची बॅटरी वारंवार बदलता येत नाही. म्हणून सेन्सरचे गट, म्हणजे क्लस्टर केले जातात. गटातला एक सेन्सर प्रमुख होतो आणि सर्वांची माहिती दूरच्या केंद्राकडे पाठवतो. मात्र त्याची बॅटरी सर्वांत जलद संपते. मग प्रमुख कोणी व्हायचे? हे ठरवण्यासाठी अभियंते ‘गेम थिअरी’चाही आधार घेतात. तिचा पाया घातला जॉन फॉन नॉयमन यांनी.

वडिलांसाठी इंजिनीअरिंग, स्वतःसाठी गणित

२८ डिसेंबर १९०३ रोजी बुडापेस्टमधील सधन ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील बँकर होते. गणितात पैसा नाही, असे त्यांचे मत. त्यामुळे मुलाने झुरिकमध्ये केमिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि त्याच वर्षी, १९२६ मध्ये, बुडापेस्टमधून गणितात डॉक्टरेटही मिळवली.

१९२८ चा सिद्धांत काय सांगतो?

दगड-कागद-कात्री खेळताना कुणी प्रत्येक वेळी दगडच दाखवला, तर समोरचा ते ओळखून जिंकतो. तिन्हींपैकी काहीही समान शक्यतेने निवडले, तर त्याला अंदाज बांधता येत नाही. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, अशा दोघांच्या खेळात योग्य शक्यता ठरवून चाल निवडली की संभाव्य नुकसान कमीत कमी ठेवता येते, हे फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये सिद्ध केले.

१९३० मध्ये ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले. अर्थतज्ज्ञ ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला ‘थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेविअर’ हा ग्रंथ १९४४ मध्ये आला. अनेक खेळाडू आपसात गट कसे बांधतात, याचा त्यात विस्ताराने विचार आहे. त्याच काळात ते अणुबॉम्बच्या प्रकल्पातही काम करत होते. आज्ञावली संगणकाच्या स्मृतीतच साठवण्याची कल्पना मांडणारा त्यांचा अहवाल १९४५ चा. पुढे शीतयुद्धाच्या डावपेचांतही गेम थिअरी वापरली गेली.

सेन्सर ‘खेळतात’ कसे?

१९५० मध्ये जॉन नॅश यांनी प्रत्येक खेळाडू स्वतंत्रपणे निर्णय घेतो, अशा खेळांतील समतोल मांडला. सेन्सरला स्वार्थ नसतो. पण सर्वांवर देखरेख ठेवणारे कुणी नसेल, तर प्रत्येकाला स्वतःच निर्णय घ्यावा लागतो. प्रमुख झाले तर बॅटरी खर्च होते. कुणीच झाले नाही, तर माहिती पोहोचत नाही. म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी निवडण्यासारखीच ही गत!

समजा, माहिती पोहोचल्याने प्रत्येकाला होणारा फायदा प्रमुखाच्या खर्चाच्या दुप्पट आहे. दोनच सेन्सर असतील, तर समतोलात प्रत्येक जण ५० टक्के शक्यतेने पुढे येतो आणि कुणीच पुढे न येण्याची शक्यता २५ टक्के असते. सेन्सर १० झाले, तर प्रत्येकाची तयारी सुमारे ७ टक्क्यांवर घसरते आणि कुणीच पुढे न येण्याची शक्यता ४६ टक्क्यांवर जाते. थोडक्यात, गट मोठा झाला की जो तो दुसऱ्यावर विसंबतो.

म्हणूनच नियम आखताना काळजी घ्यावी लागते. बॅटरी जास्त असलेल्याला प्रमुख होण्याची अधिक शक्यता द्यायची, नुकताच प्रमुख झालेल्याला विश्रांती द्यायची, असे उपाय केले जातात. हे गणित चुकले, तर काही सेन्सर लवकर बंद पडतात आणि वणवा नेमका तिथेच लागला, तर खबर उशिरा मिळते.

अखेर

१९५५ मध्ये फॉन नॉयमन अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांना कर्करोगाचे निदान झाले. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी, वॉशिंग्टनमधील लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वायरलेस सेन्सरची जाळी त्यांनी पाहिली नाहीत. पण चाल शक्यतेने निवडण्याचे त्यांचे गणित आज त्या जाळ्यांच्या आखणीत उपयोगी पडते.